मारणारीचं नाव

"हिचं नाव काय?"

म्हातारीने विचारलं. भांड्यावरच्या चित्राकडे नेलेलं बोट भांड्याला लागू न देता तसंच अधांतरी धरलं.

युफ्रॉनला वाटलं, थट्टा चाललीय.

"कुणाचं, बाई?"

"हिचं. हातात तलवार आहे तिचं."

"ती थ्रेसची बाई आहे."

"ते मला दिसतंय. नाव काय?"

युफ्रॉन हसला. "मारणारीला नाव कशाला लागतं?"

म्हातारीने तिपाई ओढली आणि भांड्यासमोर बसली. बसली ती बसलीच.

ही गोष्ट अथेन्सच्या कुंभारवाड्यातली, फार जुनी. त्या शहरात देवांच्या आणि वीरांच्या कथा लोक ऐकत कमी आणि बघत जास्त. पाण्याच्या घागरीवर, तेलाच्या कुपीवर, दारूच्या वाडग्यावर, जिथे हात जाईल तिथे कुणीतरी कुणाला तरी मारत असायचं, नाहीतर पळवून नेत असायचं. आणि चित्रातल्या माणसाच्या डोक्याशी त्याचं नाव लिहायची रीत होती. पाहुण्याने वाडगं तोंडाला लावावं आणि त्याला कळावं, हा कोण, कुणाचा मुलगा.

युफ्रॉन चोवीस वर्षांचा, अस्सल अथेन्सचा. हात चांगला होता, यात वाद नाही. अडचण एवढीच, की ते त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

त्याच्यासमोरचं भांडं म्हणजे दारूत पाणी मिसळायचं मातीचं घंगाळ होतं, कमरेएवढं उंच. एवढं मोठं भांडं त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. त्यावर त्याने ऑर्फियसचा वध काढला होता. ऑर्फियस म्हणजे तो गवई, ज्याचं गाणं ऐकायला झाडं मुळांसकट सरकत म्हणतात. त्याला थ्रेस या उत्तरेकडच्या मुलखातल्या बायकांनी ठार मारलं. का मारलं, याची अथेन्समध्ये दहा कारणं सांगत. थ्रेसच्या बायकांना मात्र कुणी विचारलेलं नव्हतं.

चित्रात ऑर्फियस एका गुडघ्यावर कोसळलेला. वाद्य ढालीसारखं वर धरलेलं. भोवती चार बायका. एकीच्या हातात तलवार, दुसरीने मुसळ उगारलेलं, तिसरीच्या डोक्यावर धोंडा, चौथीच्या हातात मांस भाजायची सळई. घरात जे सापडलं ते घेऊन धावल्या होत्या बिचाऱ्या. ऑर्फियसच्या डोक्याशी लाल अक्षरांत लिहिलेलं, 'ऑर्फियस'. खाली काठाशी लिहिलेलं, 'युफ्रॉनने रंगवलं'.

बायकांच्या डोक्याशी काही नव्हतं.

"बाई, लिसिक्लीस दुपारी येणार," युफ्रॉन म्हणाला.

"येऊ दे."

"त्याने पाहिलं की लगेच भट्टीत घालायचं ठरलंय."

"ठरू दे. भट्टी माझी आहे. नाव नसलेली बाई माझ्या भट्टीत जायची नाही."

झालं. युफ्रॉनच्या अंगाचा तिळपापड झाला.

लिसिक्लीस हा चांदीच्या खाणींचा मालक. शहरातले चाळीस मातब्बर त्याच्या मेजवानीला येणार होते आणि हे घंगाळ मधोमध ठेवलं जाणार होतं. पसंत पडलं तर युफ्रॉनला स्वतःचा कारखाना, स्वतःची भट्टी काढून देईन, असा शब्द त्याने दिला होता. तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली माती मळलेल्या माणसाला याहून मोठं काय असतं?

आणि आता ही म्हातारी नाव विचारत बसली होती.

ही म्हातारी स्वतः थ्रेसची. उत्तरेच्या डोंगराळ किनाऱ्यावरून नऊ वर्षांची असताना पकडून आणलेली, बाजारात उभी केलेली. एका कुंभाराने घेतली. तिने आधी माती चाळली, मग भांड्यांच्या कडा रंगवल्या, मग घोडे, मग माणसं. कुंभाराला मूलबाळ नव्हतं. मरताना त्याने तिला गुलामीतून सोडलं आणि भट्टी तिच्या पदरात घातली. कुंभारवाड्यात तिच्यासारखी रेघ कुणाची नव्हती आणि तिच्यासारखी जीभही. शहर तिला 'थ्राट्टा' म्हणे. थ्राट्टा म्हणजे थ्रेसची बाई, बाकी काही नाही. त्या मुलखातून आलेल्या प्रत्येकीला तेच म्हणत.

तिने स्वतःच्या एकाही भांड्यावर आपलं नाव लिहिलं नव्हतं. लोकांना वाटे, साधी आहे. साधीबिधी काही नव्हती.

युफ्रॉनने कुंचला उचलला, लाल मातीत बुडवला आणि तलवारवालीच्या डोक्याशी भराभर एक नाव लिहून टाकलं.

म्हातारीने वाचलं. "मिरिना."

"हो. झालं नाव."

"मिरिना पलीकडच्या गल्लीत तेल विकते. परवाच तिच्या नातीचं बारसं झालं. ती कशाला जाईल माणूस मारायला?"

"बाई, नाव म्हणजे नाव."

"मग तुझं नाव पुसून तिथे मिरिना लिही. नाव म्हणजे नाव."

...

युफ्रॉनने ओल्या बोळ्याने मिरिना पुसली. दात आवळून दुसरं नाव लिहिलं. थ्राट्टा.

म्हातारीने अंगठा जिभेला लावला आणि एका फटक्यात ते पुसून टाकलं.

"का?" युफ्रॉनचा आवाज चढला. "तुम्हाला सगळं गाव हेच म्हणतं. तुम्ही ओ देता."

"ओ देते. पण हे नाव नाही, ही हाक आहे. बाजारात शेळीलाही मारतात."

"मग तुम्हीच सांगा. तुमचं खरं नाव काय? तेच लिहितो. मिटवून टाकू एकदाचं."

...

अंगणात कुणाचं तरी चाक फिरत होतं. म्हातारीने बोट तलवारवालीच्या मनगटाकडे नेलं.

"हे हरीण कुठून आणलंस?" तिने विचारलं.

चित्रातल्या तलवारवालीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक गोंदलेलं हरीण होतं. युफ्रॉनची छाती पुन्हा थोडी फुगली. थ्रेसच्या बायकांच्या हातावर गोंदण असतं हे प्रत्येक रंगाऱ्याला ठाऊक होतं, पण बाकीचे दोन आडव्या रेघा मारून मोकळे होत. त्याने हरीण काढलं होतं, केसाएवढ्या रेघांनी.

"तुमच्या हातावरून घेतलं," तो म्हणाला. "तुम्ही रंगवत असताना रोज थोडं थोडं बघत होतो."

"माझी बाही इथपर्यंत असते." तिने हाताच्या मध्यावर बोट ठेवलं. "बाहीच्या आतलं तुला कुठून दिसलं?"

"नाही दिसलं. मागचे पाय अंदाजाने काढले. हरणाला मागचे पाय असणारच की."

म्हातारीने बाही वर सारली.

तीन वर्षांत युफ्रॉनने तो हात कोपरापर्यंत कधी पाहिला नव्हता. मनगटाशी हरणाचं तोंड. मग मान, मग पुढचे पाय, मग पोट... आणि पोटाशी हरीण संपलं होतं. पुढे नुसती सुरकुतलेली कातडी.

"पुसट झालं का?" त्याने हळू विचारलं.

"गोंदलेलं पुसट होतं, संपत नाही. इथे गोंदलंच नाही."

"का?"

"आमच्या गावात आई गोंदायची. दर वसंतात थोडं. काट्याने आणि काजळीने. मागचे पाय झाले की पोरगी मोठी झाली. त्या दिवशी आई टेकडीवर चढायची आणि पोरीचं नाव मोठ्याने हाकारायची. तोवर ते नुसतं पोरीच्या कानात सांगून ठेवायचं. बाहेर काढायचं नाही."

"मग?"

"आम्ही पोटापर्यंत आलो होतो. मग गलबतं आली."

...

युफ्रॉनने विचारलं, "कानात सांगितलेलं... आठवतं?"

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

"पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "तू तीन वर्षं माझ्या चुलीवरचं खातोस. तूही आज भांडं अडलं म्हणून विचारलंस."

हे लागलं. लागावं म्हणूनच बोलली होती.

युफ्रॉनने कुंचला नव्याने धुतला. या वेळी घाई केली नाही. मग म्हणाला, "सांगा, बाई. लिहितो."

"खुनी बाईच्या डोक्याशी?"

तो अडखळला. "नको असेल तर... दुसरं काहीतरी शोधू."

"नको कशाला? तुमच्या साऱ्या कथांत आम्हाला एवढंच काम. यायचं, मारायचं, निघून जायचं. करायचंच आहे, तर नावानिशी करू. लिही."

ती पुढे वाकली आणि त्याच्या कानात बोलली. रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू येणार नाही इतकं हळू.

युफ्रॉनने लिहिलं. रेस्का.

मग त्याने बोळा पिळला आणि चित्रातल्या हरणाच्या मागच्या पायांकडे हात नेला. चूक झाली होती, ती दुरुस्त करायची होती. अजून वेळ होता. भट्टीत जाईपर्यंत सगळं पुसता येतं, एकदा भाजलं की देव आला तरी पुसता येत नाही.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"पण तुमच्या हातावर..."

"माझ्या हातावर नाहीत म्हणून तिथे राहू दे. आईच्या हातचे नाहीत, पण पाय आहेत. पळेल तरी."

ती उठली आणि भट्टीच्या तोंडाशी लाकडं रचायला गेली.

लिसिक्लीस दुपारी आला. अत्तराचा वास त्याच्या आधी आला. माणूस मोठा होता आणि आवाज त्याहून मोठा, खाणीच्या तोंडाशी उभं राहून ओरडायची सवय झालेला. भांड्याभोवती तो सावकाश फिरला.

"वा. काय गुडघा काढलायस. वाद्याच्या तारा तर बघ."

युफ्रॉन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. इतका वेळ कोरड पडलेल्या घशाला पाणी मिळालं.

लिसिक्लीसला मनातल्या मनात वाचता येत नसे. अक्षर दिसलं की तोंड उघडायचं. त्याने काठावरचं वाचलं, "युफ्रॉनने रंगवलं. उत्तम. चाळीस माणसं हे नाव वाचतील." मग वरचं वाचलं, "ऑर्फियस. बरोबर." मग त्याची नजर सरकली.

"रे... रेस्का."

त्याने डोळे बारीक केले. घसा साफ केला.

"रेस्का? ही कोण रेस्का?"

आवाज अंगणभर गेला, कुंपणाबाहेर गेला. शेजारच्या कारखान्यातलं कुणीतरी डोकं वर काढून पाहू लागलं.

युफ्रॉनने भट्टीकडे पाहिलं. म्हातारीने हातातलं लाकूड खाली ठेवलं होतं. पन्नास वर्षं भांड्यांवर वाकून तिची पाठ कमानीसारखी झाली होती. ती पाठ आता सरळ होत होती. हळूहळू, एक एक मणका. ती तेवढी उंच आहे, हे त्याला माहीतच नव्हतं.

"विचारतोय मी," लिसिक्लीस म्हणाला. "कोण ही?"

"मारणारी," युफ्रॉन म्हणाला.

"ते दिसतंय. तिला नाव कशाला? मरणाऱ्याचं नाव पुरे. मारणारीला नाव दिलं, की पाहुणे तिच्याकडेच बघत बसतील. कोण होती, कुणाची लेक, का मारलं... मेजवानीचा विचका. पूस ते."

सकाळी युफ्रॉन जवळजवळ हेच बोलला होता. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला त्याची लाज वाटली.

"ही अक्कल कुणाची?" लिसिक्लीसने भट्टीकडे मान वळवली. "हिची?"

"माझी," युफ्रॉन म्हणाला.

अर्धं खोटं होतं. पण ते बोलताना त्याचा आवाज कापला नाही.

"मग पूस. अरे, माझ्या घरी त्या मुलखातल्या सात बायका आहेत. सातही जणींना मी एकाच नावाने हाक मारतो. सातही येतात. कुणाचं काही अडलं नाही. आणि उद्या हे भांडं त्याच घासणार आहेत." तो हसला. हसताना त्याने युफ्रॉनच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमाने. "एक नाव पूस, आणि अमावस्येआधी तुझी भट्टी पेटवून देतो. शब्द दिलाय मी."

...

युफ्रॉनला ती भट्टी डोळ्यांसमोर दिसली. तिचं तोंड पूर्वेकडे ठेवायचं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बापाला पहिल्या दिवशी बोलावून कुठे बसवायचं, तेही ठरलेलं होतं.

म्हातारी भट्टीपाशी तशीच सरळ उभी होती.

त्याने बोळा पाण्यात बुडवला, पिळला, भांड्यासमोर गुडघ्यावर बसला आणि पुसलं. नीट पुसलं, एक अक्षरही उरू दिलं नाही.

"शाबास," लिसिक्लीस म्हणाला. आणि मग वाकून बघितलं.

काठावर काही नव्हतं. 'युफ्रॉनने रंगवलं' गेलं होतं. वर रेस्का होती तशी होती.

"हे काय केलंस?"

"एक नाव पुसायला सांगितलंत. पुसलं."

"वेड लागलंय का तुला?"

"माझ्या नावाशिवाय भांडं चालेल तुम्हाला. तिच्या नावाशिवाय मला नाही चालणार."

"मग भांडं तुझ्याकडेच ठेव," लिसिक्लीस म्हणाला. त्याच्या मानेची शीर फुगली होती. "भट्टी विसर. आणि या शहरात तुझ्या हातचं एक वाडगं कोण घेतो, तेही बघतो मी."

"बघा," युफ्रॉन म्हणाला.

लिसिक्लीस गेला. अत्तराचा वास बराच वेळ मागे राहिला.

तो गेल्यावर युफ्रॉन तिपाईवर बसला. हातात आलेलं सगळं गेलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हातांनी घालवलं होतं. बापाला काय सांगायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी या अंगणात आज काहीतरी मोठं घडलं आणि ते आपण केलं, असं त्याला वाटत होतं. आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं, असंही वाटत होतं. माणूस शेवटी युफ्रॉनच होता.

तो वाट बघत राहिला.

म्हातारी भट्टीकडून आली. हात कपड्याला पुसले. भांड्यासमोर उभी राहिली. सरळ, मघासारखीच.

"बाई," तो न राहवून म्हणाला, "पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग?"

...

ती भांड्याभोवती अर्धा फेरा चालली. तलवारवालीला मागे टाकलं. मुसळ उगारलेली होती, तिच्यापाशी थांबली. त्या पलीकडे धोंडेवाली, तिच्या पलीकडे सळईवाली. तिघींच्याही डोक्याशी जागा कोरी होती.

तिने कुंचला उचलून त्याच्या हातात दिला आणि बोट पुढे केलं, भांड्याला लागू न देता.

"भट्टी दिवस मावळताना पेटेल," ती म्हणाली. "हिचं नाव काय?"